विंडोजविरुद्ध बेमुदत संप

रविवार, १२ नोव्हेंबर २००६

आज दादरला एका बाईंनी भर सभेत सांगितलं की आम्ही सगळे गुलाम आहोत. फार बरं वाटलं. किती वर्षांनी असं कोणी बोललं!

बाईंचं नाव मृणालिनी लिमये. वय पस्तिशीच्या आतबाहेर, बोलणं थेट सदाशिव पेठेतलं. विषय होता संगणकाची मुक्त प्रणाली. खरं सांगायचं तर मी गेलो होतो, ते सभेनंतर बटाटेवडा असतो म्हणून. पण बाई म्हणाल्या, "तुमच्या संगणकात जी विंडोज आहे ती तुमची नाही. ती तुम्ही उघडून बघू शकत नाही, बदलू शकत नाही, शेजाऱ्याला देऊ शकत नाही. तिचा मालक वेगळाच आहे."

मालक! हा शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगात गिरणीची गेट मीटिंग संचारली.

मग त्यांनी दुसरी प्रणाली दाखवली. लिनक्स. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेली, सीडी फुकट. मी उभा राहून विचारलं, "मग हिचा मालक कोण?" बाई म्हणाल्या, "कोणीच नाही. किंवा सगळेच." मी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानेच वाजवल्या, पण लढ्याची सुरुवात नेहमी एकट्यानेच होते.

चिंचपोकळीला आमच्या श्रमिक वाचनालयाच्या संगणक केंद्रात पाच मशीनं आहेत. पाचांवर विंडोज, तीही फुटपाथवरून आणलेल्या सीडीची. म्हणजे गुलामगिरी, आणि तीसुद्धा चोरून मिळवलेली. सरचिटणीस या नात्याने मला शरम वाटली. वडे थंड होते.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

कालिंदीला सांगितलं की क्रांती होणार आहे. ती म्हणाली, "काका, आज नको, आज बॅच आहे."

कालिंदी आमच्याकडे संगणक शिकवते. वरळी कोळीवाड्यातली. तिची आई दमयंती नाक्यावर मासे विकते, त्यामुळे मुलगी कोणाला घाबरत नाही, आणि हीच तिची अडचण आहे. तिचं म्हणणं, "चाललंय ना नीट? मग कशाला हात लावायचा? जानेवारीत स्मरणिका काढायचीय."

स्मरणिका माझीच कल्पना. येत्या अठरा जानेवारीला गिरणी संपाला पंचवीस वर्षं होतील. त्यासाठी कालिंदी वर्षभर जुन्या गिरणी कामगारांना केंद्रात बसवून त्यांच्या आठवणी थेट मशीनवर टाइप करून घेतेय. म्हातारे बोलतात, ती बडवते. स्पिनिंगमधला आनंदा गुरव तर सलग तीन दुपारी बोलला. दसऱ्यानंतर गेला बिचारा. त्याचं सगळं बोलणं आता त्या फाइलमध्येच आहे, कागदावर काहीच नाही.

माझा स्वतःचा लेख मी दोन बोटांनी टाइप केलाय. "संप: एका आघाडीच्या सैनिकाचे चिंतन." त्यात एक परिच्छेद फुटीरांवर आहे. दौलतचं नाव घातलंय, आडनावासकट. इतिहासात मोघम लिहून चालत नाही.

दौलत म्हणजे एके काळी माझा जिवलग. एकाच खात्यात, शेजारच्या साच्यांवर, म्हणजे मागांवर. संपाला वर्ष उलटल्यावर तो कामावर गेला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. आता भोईवाड्यात लग्नपत्रिका छापायचं दुकान टाकून बसलाय. अर्थात विंडोजवर.

शनिवार, १८ नोव्हेंबर

मृणालिनीबाई केंद्र बघायला आल्या. मी हार आणला होता, त्यांनी तो मशीनवर ठेवला. साधेपणा आवडला.

सगळं बघून म्हणाल्या, "धुरी, घाई नका करू. आधी एकाच मशीनवर, विंडोज न काढता, करून बघा. तुमचं मराठी टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट आणि ते पान लावायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. लिनक्सवर त्या फाइली वाचता येणार नाहीत. आधी मजकूर युनिकोडमध्ये न्यावा लागेल, दोन-तीन महिन्यांचं काम आहे. मग बदला."

कालिंदी माझ्याकडे बघत राहिली.

मी बाईंना नम्रपणे म्हणालो, "आम्ही टप्प्याटप्प्याने संप करणारी माणसं नाही."

बाई हसल्या. विचार चांगले आहेत त्यांचे, पण शेवटी मध्यमवर्ग. समझोत्याकडे कल असतोच.

रविवार, २६ नोव्हेंबर

आज केंद्र मुक्त झालं!

छोटासा कार्यक्रम ठेवला होता. आठ-दहा माणसं आली. मी बोललो. मग विंडोजची सीडी आणि फॉन्टची सीडी सर्वांसमोर गुडघ्यावर धरून मोडली. पहिली पटकन मोडली. दुसरी वाकली, पण मोडेना. शेवटी दाराच्या फटीत धरून दार लावलं. टाळ्या पडल्या. अंगठ्याला थोडं लागलं.

त्यानंतर पाचही मशीनं पुसून साफ केली आणि लिनक्स टाकलं. पुसण्याआधी कालिंदीने सगळ्या फाइली कोऱ्या सीडींवर उतरवून घेतल्या, हट्टाने. मी म्हटलं, "विश्वास नाही का?" ती म्हणाली, "तुमच्यावर आहे काका, मशीनवर नाही." मला उत्तर आवडलं. नंतर वाटलं की तिने उलट म्हणायला हवं होतं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

आनंदाची फाइल उघडली. मराठी नाही. डोक्यावर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं, मधेच पौंडाची खूण, मधेच उलटं प्रश्नचिन्ह. पानंच्या पानं तसलीच. दुसरी फाइल, तेच. माझा लेखही तसाच दिसतोय, पण मला तो पाठ असल्यामुळे मी अंदाजाने वाचू शकलो.

कालिंदी खुर्चीत बसून राहिली. मी तिला धीर दिला की नवीन प्रणालीला आपली भाषा समजायला वेळ लागतो. गिरणीच्या मालकाला पण लागला होता. तो तर अजून शिकला नाही.

ती म्हणाली, "काका, आनंदाकाका मला म्हणाले होते, पोरी, नीट ठेव हां."

मी म्हणालो, "नीटच आहे. फक्त वाचता येत नाही."

शुक्रवार, १ डिसेंबर

प्रिंटर चालेना. लिनक्स म्हणतं, असा प्रिंटर जगात नाही. प्रिंटर समोर टेबलावर आहे. मी त्याच्यावर हात ठेवून बसलो होतो.

बॅचमधल्या बायका कुरकुरतायत. बीडीडी चाळीतली गुणवंती म्हणते, "मामा, परीक्षा विंडोजवर असते, आम्ही ह्याच्यावर शिकून काय करू?" मी तिला सांगितलं की परीक्षा म्हणजे व्यवस्थेची चाळणी. ती म्हणाली, "हां, पण मला त्या चाळणीतून खाली पडायचंय ना. नोकरी खालीच असते."

हजरजबाबी मुलगी. वाया जाणार.

बुधवार, १३ डिसेंबर

आज बॅचला कोणी आलं नाही. चौकशी केली तर सगळ्या लालबागच्या एका क्लासला जातात म्हणे. मी दारावर फलक लावला: "प्रलोभनांना बळी पडू नका."

कालिंदीने तडजोड मांडली. दोन मशीनं परत विंडोजवर न्यायची, तीन लिनक्सवर ठेवायची. बायकांची परीक्षा होईल, स्मरणिका निघेल, आणि लिनक्सही सावकाश शिकता येईल. म्हणाली, "मृणालिनीताईंना फोन केला होता. त्या पण हेच म्हणाल्या."

मी तिला समजावलं. आम्हाला संपात असंच सांगत होते, एवढं घ्या, एवढं सोडा, कामावर या, बाकीचं नंतर बघू. आम्ही नाही गेलो.

"मग काय मिळालं काका?"

तिने हे खवचटपणे विचारलं नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणालो, "संप अजून अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, हे विसरू नकोस." ती म्हणाली, "हां. पण गिरणीपण अधिकृतपणे नाहीये."

नवी पिढी. इतिहास शिकवायला हवा यांना. त्यासाठीच तर स्मरणिका काढतोय. जी उघडत नाही.

गुरुवार, २१ डिसेंबर

घरातही असंतोष. मी जेवताना सुभद्राला परिस्थितीची कल्पना दिली. एक माणूस टिकून राहिला तरी लढा टिकतो, असं म्हणालो. संपाच्या वेळी मी जसा टिकलो.

सुभद्राने माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "तुमी टिकलात, ता बरा झाला. पण त्या वर्सा चुलीर भात खयसून येय, ह्या कधी इचारल्यात?"

मी म्हणालो, "गावाहून येत असेल."

"गावाहून!" एवढंच म्हणाली, आणि भांडी घेऊन मोरीवर गेली. बराच वेळ भांडी वाजत होती.

बायकांना लढ्याचा मोठा पट दिसत नाही. त्यांना तांदूळ दिसतो. तशी ती आजही मीराबाईला बाजारात भेटली की बोलते. मीराबाई म्हणजे दौलतची बायको. मी कधी अडवलं नाही. माझी लढाई तत्त्वाची आहे, बायकांशी नाही.

शनिवार, ३० डिसेंबर

फूट पडली.

गेला आठवडाभर कालिंदी दुपारी कुठेतरी जायची. म्हणायची, आईला मदत करते. आज मी नाक्यावर पापलेट घ्यायला गेलो तर दमयंती एकटी. मला बघून तिने आधी भाव सांगितला. मी कालिंदीचं विचारल्यावर म्हणाली, "शेट, पोरगी कामाला गेलीय. तुमच्याच कामाला. भोईवाड्याला." आणि वर, "घेताय काय पापलेट, का नुसतीच चौकशी?"

सरळ भोईवाडा गाठला. दौलतच्या दुकानात आजवर पाऊल टाकलेलं नाही. बाहेरून बघितलंय, येताजाता, म्हणजे रोज. आत गणपतीच्या आणि नवरा-नवरीच्या चित्रांचे नमुने टांगलेले. त्यांच्याखाली मशीनसमोर दौलत, आणि शेजारी स्टुलावर माझी कालिंदी, मांडीवर सीडींचा डबा. पडद्यावर शुद्ध मराठी. आनंदा गुरवचं बोलणं.

दौलत ते ओळीत बोट फिरवत वाचत होता. "'पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आई मला उठवायची नाही, बापाला उठवायची. मला भोंगाच उठवायचा.' असंच बोलायचा ना आनंदा," तो म्हणाला. चष्मा काढून पुसला.

मी दारात खाकरलो. कालिंदी उभी राहिली. दौलत नाही राहिला.

"ये," तो म्हणाला. "बस."

"मी बसायला आलो नाही."

"मग उभा राहून बघ. आनंदा झाला, आता तुझा लेख लागलाय." त्याने बटण दाबलं. पडद्यावर माझा तोच परिच्छेद आला. फुटीरांचा. मी जरा पुढे सरकलो, काही गाळलं असेल तर जागेवर पकडता यावं म्हणून. काहीही गाळलं नव्हतं.

दौलत म्हणाला, "फुटीर तू ऱ्हस्व लिहिला होतास. टी दीर्घ असते. केली मी. आणि माझं आडनाव सकपाळ. तू सपकाळ लिहिलंयस. चोवीस वर्षं शिव्या देतोस, माणसाचं आडनाव तरी नीट दे."

मी पडद्यावरचं आडनाव पुन्हा एकदा वाचलं. शेवटी म्हणालो, "प्रूफ चांगलं तपासतोस."

"लग्नपत्रिकेत नाव चुकलं की लोक मारायला येतात," तो म्हणाला. "तुझ्यासारखे गप्प बसत नाहीत."

चहा मागवला होता त्याने. मी घेतला नाही. कालिंदीने माझा पण प्यायला.

रविवार, ३१ डिसेंबर

दिवसभर विचार. काही लिहिण्यासारखं नाही.

सकपाळच आहे ते. मी लेखात सपकाळ कसं लिहिलं?

मंगळवार, ९ जानेवारी २००७

कार्यकारिणीत मी प्रश्न मांडला: मालकाच्या प्रणालीवर, फुटीराच्या हातून छापलेली संपाची स्मरणिका आपण स्वीकारावी का? कार्यकारिणीत आम्ही चौघं आहोत. एक झोपला होता. दुसरा म्हणाला, "छापायचे किती घेतो?" काही घेत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग प्रश्न कुठेय?"

चौथी कालिंदी. तिने एकच विचारलं, "काका, आनंदाकाकांचं बोलणं पाहिजे की लिनक्स?"

मी म्हणालो, हा प्रश्न चुकीच्या पद्धतीने मांडलाय.

"मग बरोबर पद्धतीने मांडा."

मी बराच वेळ मांडून बघितला. तो तसाच येतोय.

शेवटी ठराव केला की परिस्थितीचं भान ठेवून तात्पुरती डावपेचात्मक लवचीकता स्वीकारण्यात येत आहे. कालिंदीने इतिवृत्तात लिहिलं: "दौलतकाका छापतील."

शुक्रवार, १९ जानेवारी

कालचा समारंभ. सकाळी उठून लिहितोय, काल लिहायला बसावंसं वाटलं नाही.

लालबागचा हॉल जवळजवळ भरला होता. म्हातारे, म्हाताऱ्या, काही काठ्या घेऊन आले होते. स्मरणिका सगळ्यांच्या हातात. देखणी झालीय, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात चुकून लग्नपत्रिकेची एक वेल आलीय, पण बरी दिसते. आधी कालिंदीने आनंदा गुरवची आठवण वाचली. भोंग्याचं वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतला एक म्हातारा आपोआप उभा राहिला. त्याला हाताला धरून बसवावं लागलं.

मग माझा लेख. मी माइकसमोर गेलो. चार पानं बरी गेली. पाचव्यावर तो परिच्छेद. मान वर केली तर तिसऱ्या रांगेत दौलत आणि मीराबाई. त्यांना कोणी बोलावलं होतं ते कालिंदीला विचारायची गरज नव्हती. मीराबाईच्या शेजारी सुभद्रा बसली होती. घरून निघाली तेव्हा तिने माझ्यासाठी पहिल्या रांगेत बसते असं सांगितलं होतं.

परिच्छेद जोरात आहे. लिहिताना मला स्वतःलाच शहारा आला होता. पण सभागृहात उजेड कमी होता आणि वेळही संपत आला होता. मी पान उलटून सहाव्यावर गेलो.

दौलत उभा राहिला. "रमाकांत, एक परिच्छेद राहिला."

"वेळ कमी आहे," मी माइकमधून म्हणालो.

"मी छापलाय तो. सगळ्यांच्या हातात आहे, मग तुझ्या तोंडात का नको? वाच."

लोक पानं चाळायला लागले. सळसळ झाली. पान सापडलं. बघत होते सगळे, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. हे मला समजलं नाही.

वाचला. "माझा जिवलग म्हणवणारा दौलत सकपाळ त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत मागच्या दाराने गिरणीत शिरला, आणि त्या दिवशी माझ्यापुरता तो मेला." आडनाव नीट उच्चारलं. आवाज मधे गेला, माइक जुना आहे हॉलचा.

कोणी टाळी वाजवली नाही. दौलत अजून उभाच. म्हणाला, "गेलो होतो, खरं आहे. पण मागच्या दाराने नाही रे. पुढच्या गेटने गेलो. तू तिथे उभा होतास. तुझ्यासमोरून गेलो. तेवढी दुरुस्ती कर." आणि खाली बसला.

मला ते आठवलं. मी तिथे होतो. त्याने जाताना माझ्याकडे बघितलं होतं आणि मी घोषणा देत होतो. कोणती घोषणा, ते आठवत नाही.

पुढचं पान मी वाचलं की नाही, माहीत नाही. कालिंदी म्हणते, वाचलं. सुभद्रा पदराने डोळे पुसत होती. तिला माझी भाषणं नेहमीच लागतात. मीराबाईने तिचा हात धरला होता, म्हणजे तिलाही लागलं असावं.

रविवार, ४ फेब्रुवारी

सन्मान्य तोडगा निघाला.

मृणालिनीबाई आल्या आणि त्यांनी सांगितलं की एकाच मशीनवर दोन्ही प्रणाली राहू शकतात. मशीन सुरू करताना विचारतं, आज कुठली? मी विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, टप्प्याटप्प्याने संप करत नाही."

मी असं म्हटलं असेन, पण त्या संदर्भात नव्हे.

तर पाचांवर दोन्ही. विंडोज या वेळी रीतसर, केंद्रासाठी मिळणाऱ्या सवलतीत. प्रिंटरचाही पत्ता लागला. बाईंनी कुठूनतरी एक फाइल आणली आणि लिनक्सने मान्य केलं की प्रिंटर आहे. गुणवंती आणि बाकीच्या बायका परत आल्या. फलक मी स्वतः काढला, कोणाला काढू दिला नाही. कालिंदी आता सगळ्या आठवणी युनिकोडमध्ये नेतेय, म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडतील. दौलत दुपारी येतो तिला मदत करायला.

आणि गंमत म्हणजे, दौलतला लिनक्स आवडलं! म्हणतो, "व्हायरस नाही रे हिच्यात. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं सीडी आणतात आणि रोग देऊन जातात." दुकानाच्या दुसऱ्या मशीनवर टाकून घेतलंय त्याने. लेकाचा आता मला शिकवतो, आज्ञा कशी द्यायची, फोल्डर कुठे असतं. मी ऐकून घेतो. आंदोलनाचा प्रसार झाला, तो कोणामार्फत झाला हे गौण आहे.

मी मात्र बहुतेक वेळा विंडोज लावतो. तिच्यात पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव आहे. शत्रूची हत्यारं माहीत असलेली बरी.

रविवार, १८ फेब्रुवारी

केंद्रातून निघताना मी दौलतला म्हणालो, "घरी चल, चहा घेऊ." कसं म्हणालो मला ठाऊक नाही. म्हणून झालं.

तो म्हणाला, "मीराला पण बोलावतो."

संध्याकाळी दोघं आली. मी दारात उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे सावध करणार होतो. आमच्या खोलीत माळ्याची तुळई दारापासून दोन पावलांवर फार खाली आहे. नवीन माणूस हमखास डोकं आपटतो. एका पोस्टमनला टाका पडला होता. मी म्हणालो, "दौलत, जरा…"

पण दौलत वाकला होता. न बघता, बोलता बोलता, घरच्या माणसासारखा. तुळईखालून आत गेला, सरळ झाला आणि खिडकीशी बसला.

मीराबाई आत आली ती थेट सुभद्राच्या शेजारी ओट्याशी. तिने वरच्या फळीवरचा मागचा डबा काढला. साखरेचा. पुढे तीन डबे होते, त्यातल्या एकालाही हात लावला नाही.

हा माळा मी चौऱ्याण्णव साली घातला, आमच्या मुलाच्या, रघूच्या, लग्नाआधी. दौलत या घरात शेवटचा आला तो त्र्याऐंशीच्या संक्रांतीला. तेव्हा वर नुसती कौलं दिसायची. चौऱ्याण्णव सालापासून मी आठ वर्षं वॉचमन होतो, दुपारची पाळी.

सुभद्रा माझ्याकडे बघत होती. आता विचारेल, आता विचारेल, असं तिला वाटत असावं.

मी विचारलं, "भात टाकलास का गं? आता चहावर कुठे पाठवतेस त्यांना, जेवूनच जाऊ दे."

सुभद्राने माझ्याकडे बघितलं. मग मीराबाईकडे. मीराबाईने साखरेचा डबा परत ठेवला आणि शेजारचा तांदळाचा मोठा डबा उतरवला. "किती माप घेऊ?" तिने विचारलं.

"चौघांचा," मी म्हणालो.

दौलत खिडकीतून बाहेर बघत होता. म्हणाला, "मला कमी घाला. हल्ली रात्री भात पचत नाही."

"गप," मी म्हणालो. "जेव पोटभर."